तालुका कोर्टाचा स्टे मोडला, तर जजसाहेब स्वतः अवमानाची शिक्षा देऊ शकतात का?

धुरेकरी (प्रश्न)

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टातलं प्रकरण आहे. नाव-गाव मुद्दाम देत नाही. दोन वावरांच्या मधल्या धुऱ्यालगत (बांधालगत) बैलगाडी-ट्रॅक्टरची जुनी वहिवाट आहे. वादीनं कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात दावा टाकला आणि निशाणी ५ वर, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर, फेब्रुवारीत मनाई हुकूम (स्टे) मिळवला: दाव्याचा निकाल लागेपर्यंत प्रतिवादीनं वहिवाटीस अडथळा करू नये. मे महिन्यात मशागत सुरू झाली तशी प्रतिवादीनं ट्रॅक्टर घालून रस्ता नांगरला आणि तोंडावर बाभळीच्या काट्या रचल्या. पोलीस ठाण्यात एनसी (अदखलपात्र तक्रार) नोंदवली, 'दिवाणी बाब आहे, कोर्टात जा' अशी समज मिळाली.

गावात दोन मतं आहेत. एक म्हणते, जजसाहेब कोर्टाचा अवमान लावून तिथल्या तिथे जेलात टाकतील. दुसरं म्हणते, खालच्या कोर्टाला अवमानाचा अधिकारच नाही, नागपूरला हायकोर्टात जावं लागते. खरं काय? अधिकार असेल तर कोणत्या तरतुदीत, किती दिवस आत, आणि पुरावा काय लागतो? सोबत आणखी एक. तारखेच्या दिवशी प्रतिवादी भर कोर्टात आरडाओरड करतो, त्याचं काय? तहसीलदारानं दिलेल्या रस्त्याच्या हुकुमालाही हेच नियम लागतात का?


वऱ्हाडी वकील

दोन्ही मतं अर्धी बरोबर आहेत.

न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ खाली शिक्षा देण्याचा अधिकार उच्च न्यायालयाला आहे. कलम १० नुसार खालच्या कोर्टाचा अवमान झाला तरी शिक्षा उच्च न्यायालयच देते, म्हणजे विदर्भातल्या कोर्टांसाठी मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ. तिथली कमाल शिक्षा कलम १२ मध्ये आहे: सहा महिने साधी कैद, किंवा २,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. तालुक्याचा जज या कायद्याखाली एक रुपयाही दंड करू शकत नाही.

पण म्हणून त्याचे हात रिकामे नाहीत. मनाई हुकूम मोडणाऱ्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश ३९ नियम २-अ आहे. ज्या कोर्टानं हुकूम दिला, किंवा दावा ज्या कोर्टाकडे वर्ग झाला, तेच कोर्ट मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त करू शकते आणि त्याला दिवाणी कैदेत तीन महिन्यांपर्यंत ठेवू शकते. जप्ती एका वर्षापर्यंत चालते. तोवरही तो वळणावर आला नाही, तर मालमत्ता विकून त्या पैशातून नुकसानभरपाई देता येते. कनिष्ठ स्तराच्या न्यायाधीशालाही हा पूर्ण अधिकार आहे, वर कोणाची परवानगी लागत नाही.

'आधी जप्ती, मगच अटक' असा युक्तिवाद प्रतिवादीकडून हमखास येतो. समी खान विरुद्ध बिंदू खान (१९९८) मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फेटाळला आहे. जप्ती न करताही थेट कैद देता येते. त्याच निकालात आणखी एक कामाची गोष्ट आहे: मनाई हुकूम पुढं रद्द झाला, तरी तो चालू असताना केलेला भंग पुसला जात नाही. 'कोर्टाला या दाव्याचा अधिकारच नव्हता, मग हुकूम पाळायचा कशाला' ही सबबसुद्धा १९९७ च्या तय्यबभाई बगसरवाला प्रकरणात निकाली निघाली. हुकूम आहे तोवर पाळायचा. पटत नसेल तर ३० दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील.

आता हायकोर्ट. दिवाणी अवमानाची याचिका पक्षकार थेट लावू शकतो, पण पहिला प्रश्न हाच येईल की खाली २-अ चा मार्ग असताना इथं का आलात. नागपूरच्या चकरा, वकील, आणि शेवटी 'पर्यायी उपाय उपलब्ध' म्हणून परत. शिवाय कलम २० ची मुदत आहे, भंगाच्या तारखेपासून एक वर्ष. त्यामुळे अर्जावर मोठ्या अक्षरात 'कोर्टाचा अवमान' लिहून आणू नका. शीर्षकात 'आदेश ३९ नियम २-अ, दि. प्र. सं.' लिहा. चुकीच्या नावाचा अर्ज दुरुस्त होतो, पण एक तारीख जाते, आणि तालुक्यात एक तारीख म्हणजे दीड-दोन महिने.


जुना नाझर

वकीलसाहेबांनी कायदा सांगितला. २-अ चे अर्ज पडतात ते कायद्यावर नाही, बजावणीवर पडतात. प्रतिवादीचं पहिलं वाक्य ठरलेलं असते: 'मला हुकूम माहीतच नव्हता.' म्हणून हुकूम त्याच्यापर्यंत पोहोचला हे आधी पक्कं करा.

तुमचा हुकूम दोन्ही बाजू ऐकून झाला असेल आणि त्या दिवशी प्रतिवादीचा वकील हजर असेल, तर रोजनाम्याची (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीची) नक्कल काढा. हजेरी तिथं नोंदलेली असते, बराचसा वाद तिथंच मिटतो. हुकूम एकतर्फी असेल तर मात्र आदेश ३९ चा नियम ३ बघा. एकतर्फी मनाई मिळाल्यावर अर्ज, शपथपत्र, दावा आणि कागदपत्रांच्या प्रती प्रतिवादीला लगेच द्याव्या किंवा रजिस्टर पोस्टानं पाठवाव्या लागतात, आणि तसं केल्याचं शपथपत्र त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कोर्टात द्यावं लागते. हे राहून गेलं असेल तर प्रतिवादीचा वकील आधी हुकूमच उडवायला बसतो. भंग राहतो बाजूला.

बेलिफाचा अहवाल नीट वाचा. 'घरी आढळला नाही, परत' एवढंच लिहिलं असेल तर त्याचा उपयोग शून्य. नकार दिला किंवा टाळलं तर आदेश ५ नियम १७ प्रमाणे दारावर प्रत चिकटवायची असते, आणि अहवालात चिकटवल्याची परिस्थिती, घर कोणी दाखवलं त्याचं नाव-पत्ता आणि कोणासमोर चिकटवली हे सगळं यावं लागते. चांगला अहवाल असा दिसतो: 'प्रतिवादी राहते घरी समक्ष भेटला. हुकूम वाचून दाखवला. प्रत घेण्यास व सही करण्यास नकार दिला. प्रत घराच्या पूर्वेकडील दारावर चिकटवली. घर पोलीस पाटलांनी दाखविले. खाली दोन पंचांच्या सह्या.' एवढं कागदावर असलं की 'माहीत नव्हतं' म्हणायला जागा उरत नाही.

दुसरी अडचण हुकुमाच्या भाषेची. निशाणी ५ च्या हुकुमात नुसतं 'वादग्रस्त रस्त्यास अडथळा करू नये' असं असेल, तर कोणता रस्ता, किती रुंद, कुठून कुठं, यावर भांडण सुरू होते. 'जैसे थे' हुकूम त्याहून वाईट, कारण जसं होतं ते कसं होतं हेच कागदावर नसते. म्हणून दाव्यासोबतच आदेश २६ नियम ९ खाली कोर्ट कमिशनर मागावा. जमल्यास भूमी अभिलेखचा मोजणीदारच कमिशनर नेमून नकाशा काढून घ्यावा. नांगरण्याआधीचा तो नकाशा फाइलला असला, तर नांगरल्यानंतर दुसऱ्यांदा कमिशनर पाठवून फरक मोजता येतो. दोन नकाशे शेजारी ठेवले की जजसाहेबांना भाषण ऐकावं लागत नाही.


धुरेकरी

नाझरसाहेब, कमिशनर नेमलेला नाही. हुकूम दोन्ही बाजू ऐकून झाला आहे आणि वकील हजर असल्याची नोंद रोजनाम्यात आहे. नांगरतानाचे मोबाइलवरचे फोटो आणि एक व्हिडिओ आहे. चालेल का?


वऱ्हाडी वकील

चालेल, पण प्रमाणपत्रासह. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. मोबाइलमधला फोटो सीडी, पेनड्राइव्ह किंवा छपाई करून देताना कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागते. जुन्या पुरावा कायद्याचं ६५-ब विसरा. नव्या नमुन्याचे दोन भाग आहेत. भाग अ ज्याच्या ताब्यात फोन आहे तो भरतो, भाग ब तज्ज्ञ भरतो, आणि दोन्हींत फाइलचं हॅश मूल्य (फाइलची ओळख पटवणारा संगणकी आकडा) द्यावं लागते. ज्यानं व्हिडिओ काढला त्याचंच शपथपत्र घ्या. पुतण्यानं काढला आणि शपथपत्र काकानं दिलं, की उलटतपासणीत पहिल्या पाच मिनिटांत गळपटते. फोन विकू नका, मूळ फाइल खोडू नका. व्हॉट्सॲपवर फिरलेली प्रत ही मूळ प्रत नाही, आणि तिचं हॅशही सहसा वेगळं येते.

आता अर्जाचं मुख्य कलम. 'प्रतिवादी वारंवार हुकूम मोडतो' असं मोघम लिहू नका. असं लिहा: 'दि. १९ मे रोजी सकाळी अंदाजे ८ वाजता प्रतिवादीने स्वतः हजर राहून भाड्याच्या ट्रॅक्टरने वादीच्या गटाच्या उत्तर धुऱ्यालगतचा, पूर्व-पश्चिम अंदाजे ८० मीटर लांब व १० फूट रुंद वहिवाटीचा रस्ता नांगरला, व पूर्वेकडील तोंडावर बाभळीच्या काट्या टाकून तो बंद केला.' तारीख, वेळ, कोण, कशानं, किती, हे आलं की भंग 'हेतुपुरस्सर' होता हे दिसू लागते. शिक्षा द्यायची म्हणजे कोर्ट पुरावा काटेकोर मागणारच. शंका उरली तर फायदा प्रतिवादीला.

मागणीत तीन गोष्टी वेगवेगळ्या मागा: २-अ खाली जप्ती आणि कैद, दि. प्र. सं. च्या कलम १५१ खाली रस्ता पूर्ववत करून देण्याचा हुकूम, आणि पुन्हा अडथळा होऊ नये म्हणून पोलीस मदत. तिसरी मागणी बरेच जण विसरतात. पोलीस 'दिवाणी बाब' म्हणतात ते अगदीच चूक नाही, कारण दिवाणी कोर्टाचा मनाई हुकूम त्यांना उद्देशून नसतो. कोर्टानं ठाणेदाराला पोलीस संरक्षणाचा लेखी आदेश दिला की मात्र त्यांना यावंच लागते.

भंग उन्हाळी सुट्टीत झालाय म्हणून थांबू नका. तातडीच्या दिवाणी कामासाठी सुट्टीतले न्यायाधीश असतात. रस्ता पेरणीपूर्वी मोकळा व्हावा ही तातडी खरीच आहे. शिक्षेचा भाग मागाहून चालेल, पोलीस मदतीचा अर्ज आधी चालवून घ्या.


गावचा पोऱ्या

पण स्टे सहा महिन्यांनी आपोआप संपते ना? आमच्या इकडं सगळे तेच म्हणतात.


वऱ्हाडी वकील

नाही. ही अफवा २०१८ च्या एशियन रिसर्फेसिंग निकालातून पसरली. दिवाणी वा फौजदारी खटल्याच्या कामकाजाला दिलेली स्थगिती सहा महिन्यांनी आपोआप उठेल, असं त्यात म्हटलं होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं तो नियम रद्द केला. आणि निशाणी ५ वरचा 'दाव्याचा निकाल लागेपर्यंत' चा मनाई हुकूम तर त्यात कधी बसतच नव्हता. एकतर्फी मनाई दिली असेल तर तो अर्ज ३० दिवसांत निकाली काढायचा कोर्टानं प्रयत्न करावा असं नियम ३-अ म्हणतो, तेवढंच. ३१ व्या दिवशी हुकूम मरत नाही. सहा महिने मोजून ज्यांनी धुरे फोडले, ते २-अ च्या नोटिसा घेऊन बसलेत.


फौजदारी बाजू

कोर्टातल्या आरडाओरडीबद्दल लिहितो. इथं जजला तिथल्या तिथे अधिकार आहे, पण त्याला कुंपण आहे.

न्यायिक कामकाज चालू असताना न्यायाधीशाचा हेतुपुरस्सर अपमान करणं किंवा कामात अडथळा आणणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २६७ चा गुन्हा आहे (जुनं भादंवि २२८). सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा गुन्हा कोर्टाच्या डोळ्यांदेखत झाला, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३८४ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ३४५) खाली कोर्ट त्या माणसाला ताब्यात ठेवून त्याच दिवशी, कोर्ट उठायच्या आत, दखल घेऊ शकते. त्याला कारण दाखवायची वाजवी संधी देऊन १,००० रुपयांपर्यंत दंड करता येतो. दंड भरला नाही तर एक महिन्यापर्यंत साधी कैद. पूर्वी हा दंड २०० रुपये होता.

म्हणजे तिथल्या तिथे 'जेल' नाही, 'दंड' आहे. एवढ्यावर भागत नाही, कैदच हवी असं वाटलं तर कलम ३८५ प्रमाणे सगळी हकीकत आणि त्या माणसाचा जबाब नोंदवून प्रकरण अधिकार असलेल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडे पाठवावं लागते. त्यानं माफी मागितली आणि कोर्टाचं समाधान झालं, तर कलम ३८७ खाली शिक्षा माफ करता येते. तालुक्यात निम्मी प्रकरणं माफीवरच मिटतात, आणि ते बरंच आहे.

३८४ चे आदेश अपिलात टिकत नाहीत ते एका कारणानं: नोंद. आदेशात गुन्ह्याची हकीकत, आरोपीचं म्हणणं, निष्कर्ष आणि शिक्षा हे तर हवंच. गुन्हा २६७ चा असेल तर कोणतं कामकाज चालू होतं, ते कोणत्या टप्प्यावर होतं आणि अडथळा किंवा अपमान नेमका कोणत्या स्वरूपाचा होता, हेही नोंदवावं लागते. 'उद्धट वर्तन केले, सबब दंड' एवढ्या एका ओळीवर आदेश उभा राहत नाही. तो काय बोलला ते शब्द जसेच्या तसे हवेत, मग ते वऱ्हाडीत का असेनात. अपील कलम ३९० खाली, त्या कोर्टाच्या हुकुमांवर एरवी जिथं अपील चालते त्याच वरच्या कोर्टात.

याच रांगेतली आणखी दोन कलमं, कारण साक्षीदारांना ती लागतात. साक्षीदार उत्तर द्यायला किंवा ताब्यातला कागद दाखवायला सबळ कारणाशिवाय नकार देतो, तर ३८८ खाली सात दिवसांपर्यंत अडकवून ठेवता येते. समन्स मिळूनही आला नाही किंवा मधेच निघून गेला, तर ३८९ खाली ५०० रुपयांपर्यंत दंड. तुमच्या प्रकरणात तलाठी किंवा पोलीस पाटील साक्षीला यायचं टाळत असतील, तर वकिलानं समन्स बजावल्याचा अहवाल आधी फाइलला लावावा. नाहीतर पुढची तारीख मागण्यापलीकडं काही होत नाही.

आणि हे सगळं कोणी करायचं? बोर्डवर 'दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर व न्यायदंडाधिकारी, प्रथम वर्ग' असं लिहिलेलं असते, तो एकच माणूस. न्यायदंडाधिकारी म्हणून त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड देता येतो. सामुदायिक सेवेची शिक्षाही आता आहे. पण दिवाणी दाव्यात बसलेला असताना ही फौजदारी टोपी घालून तो प्रतिवादीला शिक्षा देऊ शकत नाही. गावात गोंधळ होतो तो इथंच.


धुरेकरी

मग न्यायाधीशावर कोर्टातच हात उचलला तर? तेही फक्त २६७?


फौजदारी बाजू

नाही. अवमान अधिनियमाच्या कलम १० ला एक परंतुक (अपवाद सांगणारी ओळ) आहे: एखादं कृत्य दंड संहितेखाली अवमानाचाच गुन्हा म्हणून शिक्षेस पात्र असेल, तर उच्च न्यायालयानं त्याची दखल घेऊ नये. त्याचा आधार घेऊन 'मारहाण हा तसाही गुन्हा आहे, मग अवमान नाही' असं म्हटलं जाते. भागलपूरच्या कोर्टात १९९७ मध्ये पोलिसांनी न्यायाधीशावर हल्ला केला होता. त्या प्रकरणात २००४ साली (दरोगा सिंग वि. बी. के. पांडे) सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की अशा हल्ल्यावर उच्च न्यायालय अवमानाची कारवाई करू शकते. त्याआधी १९८९ साली नडियादच्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याला पोलिसांनी हातकड्या घातल्या होत्या. त्यावरच्या १९९१ च्या निकालात खालच्या कोर्टाच्या अवमानाची दखल सर्वोच्च न्यायालयही घेऊ शकते असं ठरलं.

अशा फौजदारी अवमानात तालुक्याचा जज स्वतः शिक्षा देत नाही. कलम १५(२) खाली तो उच्च न्यायालयाला संदर्भ पाठवतो, किंवा महाधिवक्ता प्रस्ताव मांडतात. सुनावणी किमान दोन न्यायमूर्तींसमोर होते (कलम १८). गावकऱ्यानं स्वतःहून 'आमच्या जजचा अवमान झाला' असा अर्ज लावायला तिथं खिडकी नाही.


तहसील फेरफार

धुरेकरी भाऊ, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं मी सांगतो. तहसीलदाराच्या रस्त्याच्या हुकुमाला आदेश ३९ नियम २-अ लागत नाही. दिवाणी कोर्टात जाऊन 'तहसीलदाराचा हुकूम मोडला, कैद द्या' म्हणाल तर हात हलवत परत याल.

रस्त्याचे हुकूम दोन वेगळ्या कायद्यांतून येतात आणि आपल्याकडं ते सर्रास एकत्र कालवले जातात. आधीपासून असलेली वहिवाट किंवा पांदण कोणी अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चं कलम ५. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत अर्ज हवा. रस्ताच नाही आणि धुऱ्यावरून नवा हवा, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १४३. १४३ च्या निर्णयाविरुद्ध एका वर्षात दिवाणी दावा टाकता येतो. अर्जात दोन्ही कलमं लिहून 'रस्ता द्या' म्हटलं, की तहसीलदार एका कायद्याखाली चौकशी करतो आणि दुसऱ्याखाली हुकूम देतो, मग अपिलात तो हुकूम गळतो. तुमच्या प्रकरणात दिवाणी कोर्टाचा मनाई हुकूम हातात आहे, तर आता तहसीलात नवा अर्ज टाकून फाटे फोडू नका. प्रतिवादीला तेच पाहिजे असते.

तहसीलदाराच्या समोर सुनावणीत कोणी धिंगाणा घातला तर मात्र वर सांगितलेलं ३८४ तिथंही चालते. त्या कलमात दिवाणी, फौजदारी आणि महसूल अशी तिन्ही न्यायालयं आहेत.


गावचा पोऱ्या

आन् गावच्या ग्रुपवर जजसाहेबांबद्दल लिहिलं तर? 'पैसे खाऊन निकाल दिला' असं एकानं टाकलंय.


वऱ्हाडी वकील

निकालावर टीका आणि न्यायाधीशावर आरोप यात अंतर आहे. 'हा निकाल चुकला, सातबारा पाहिलाच नाही' हे लिहायला अवमान अधिनियमाच्या कलम ५ ची मुभा आहे. निकाल लागलेल्या प्रकरणाच्या गुणदोषांवरची रास्त टीका अवमान नाही. 'पैसे खाल्ले' हे मात्र न्यायालयाची बदनामी म्हणजे फौजदारी अवमान होऊ शकते, आणि ग्रुपवर टाकणं हे प्रकाशनच आहे. २००६ च्या दुरुस्तीनंतर सत्य हा बचाव घेता येतो, पण ते लोकहिताचं आणि प्रामाणिकपणे मांडलेलं हवं, आणि सिद्ध करायची जबाबदारी लिहिणाऱ्यावर. पुढं पाठवणारासुद्धा वेगळा राहत नाही.

खरीच तक्रार असेल तर तिला वाट आहे. कलम ६ नुसार खालच्या कोर्टाच्या पीठासीन अधिकाऱ्याबद्दल सद्भावनेनं वरच्या कोर्टाकडे, म्हणजे जिल्हा न्यायालयाकडे किंवा उच्च न्यायालयाकडे केलेलं निवेदन अवमान ठरत नाही. घटनेच्या अनुच्छेद २३५ प्रमाणे खालच्या न्यायालयांवर नियंत्रण उच्च न्यायालयाचं आहे, तेव्हा तिथंच लिहा. सोबत शपथपत्र आणि तपासता येईल असा मजकूर जोडा: दाव्याचा क्रमांक, तारीख, रोजनाम्याची नक्कल. निनावी पत्र आणि सहा पानांची शिवीगाळ कचऱ्यात जाते. त्या पोराला आधी ती पोस्ट काढायला सांगा.


धुरेकरी

समजलं. शेवटची शंका. उद्या दावा वादीच्या बाजूनं लागला, कायम मनाई मिळाली, आणि पुढं पाच-सात वर्षांनी प्रतिवादीच्या पोरानं पुन्हा नांगरलं, तर परत २-अ?


जुना नाझर

नाही. २-अ दावा चालू असतानाच्या तूर्तातूर्त हुकुमापुरतं. हुकूमनामा (दाव्याचा अंतिम निकाल) झाल्यावर दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, टाकायची, आदेश २१ नियम ३२ खाली. तिथंही मालमत्ता जप्ती आणि दिवाणी कैद आहे, पण जप्तीची मुदत सहा महिने. कायम मनाईच्या हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीला मुदत कायद्याच्या अनुच्छेद १३६ नुसार कालमर्यादा नाही, त्यामुळे सात वर्षांनी मोडलं तरी दरखास्त चालते. मात्र हुकूमनाम्यात 'रस्ता मोकळा करून द्या' असा करायला लावणारा आदेश असेल, तर त्या भागाला अनुच्छेद १३५ प्रमाणे तीनच वर्षं आहेत. लोक इथं चुकतात: मनाई जिवंत राहते आणि काटे काढायचा आदेश मुदतबाह्य होतो.

वारसांचं नाव दरखास्तीत आणायला विसरू नका. अटकेच्या वॉरंटवर माणूस आणायचा तर त्याच्या कैदेतल्या जेवणाखाण्याचा भत्ता आधी दरखास्तदारानंच कोर्टात भरायचा असतो. तो भरला नाही म्हणून नाझरतमध्येच (कोर्टाच्या बजावणी कार्यालयातच) पडून राहिलेली वॉरंटं थोडी नाहीत.


वऱ्हाडी वकील

नाझरसाहेबांच्या बोलण्यात एक जोड. तडजोडीत प्रतिवादी 'यापुढे अडवणार नाही' अशी पुरसिस (कोर्टात दिलेलं लेखी निवेदन) देतो आणि कोर्ट 'पुरसिस नोंदली, निशाणी ५ निकाली' एवढंच लिहिते. तिथं वादीचा मनाई हुकूमच संपला, आणि नुसती हमी मोडल्यावर २-अ ओढून-ताणून बसवावं लागते. हमी मोडणं हा दिवाणी अवमान आहे खरा, पण त्यासाठी पुन्हा नागपूर. म्हणून पुरसिस आली की लगेच म्हणायचं: 'साहेब, पुरसिसप्रमाणे मनाईचा आदेशही व्हावा.' ती एक ओळ रोजनाम्यात आली की नाही, हे त्याच संध्याकाळी नक्कल अर्ज टाकून बघून घ्यायचं.


धुरेकरी

उद्याच रोजनामा आणि निशाणी ५ च्या हुकुमाच्या प्रमाणित नकलांचा अर्ज टाकतो. ज्यानं व्हिडिओ काढला त्याचा फोनही जपून ठेवायला सांगितलं आहे.